एका सिगरेटीचा वेळ

छोट्याच्या दुकानात भिंतीवर चांगलं मोठं घड्याळ होतं, पण ते गिऱ्हाइकांसाठी. कामाचा वेळ सिगरेटीत मोजला जायचा.

बुटाचा सोल वरच्या भागाला जोडायचा तर दोन्हीकडे सोल्यूशन फासावं लागतं, आणि फासल्या फासल्या चिकटवून चालत नाही. दोन्ही बाजू उघड्या ठेवून अर्धवट सुकू द्यायच्या, मगच एकमेकींवर दाबायच्या. घाई केली तर ओल आत कोंडते आणि जोड आज ना उद्या उकलतो. उशीर केला तर पकडच धरत नाही. हा मधला वेळ म्हणजे एक सिगरेट. सोल जाड असेल तर दीड. शिलाईच्या मशीनवर बसणारी छोट्याची बायकोसुद्धा आतून विचारायची, "अहो, किती सिगरेटी राहिल्या?" आणि बाहेरून उत्तर यायचं, "अर्धी!"

बाहेरून, कारण सोल्यूशन भसकन पेट घेतं. छोट्या स्वतःच्या जिवाबद्दल कितीही बेफिकीर असला तरी दुकानाबद्दल नव्हता. सोल्यूशन लावायचं, सोल फळीवर ठेवायचा, उंबऱ्याबाहेर पायरीवर जाऊन उभं राहायचं, ओढायचं, आत यायचं, दाबायचं. तीसेक वर्षं हेच चाललं होतं.

अक्काला हे एकक अजिबात पसंत नव्हतं. शाळेत विज्ञान शिकवण्यात तिचा जन्म गेला होता आणि निवृत्त झाल्यावर ती दुकानाच्या वरच्याच खोल्यांत राहायला आली होती. दुपारी खाली यायची, चुकांचे, म्हणजे बारीक खिळ्यांचे, डबे आकाराप्रमाणे लावून ठेवायची आणि भावाला टोकायची.

"सिगरेट हे कुठल्या पुस्तकातलं एकक रे छोट्या?"

"माझ्या."

"आणि त्याचा दशांश?"

"झुरका," छोट्या म्हणायचा. त्याच्या मिश्या पांढऱ्या झाल्या होत्या, पण घरात तो अजून छोट्याच होता.

तयार बूट ज्यांना होत नाहीत अशा पायांसाठी तो बूट करायचा. एक पाय आखूड असलेले, तळवा सपाट असलेले, बोटं गमावलेले. त्या शेवटच्या लोकांसाठी तो बुटाच्या पुढच्या भागात मऊ बोळा इतक्या बेताने भरायचा की बाहेरून बूट भरलेला दिसावा आणि चालताना दुमडू नये. गावभरातले डॉक्टर पेशंटला त्याचाच पत्ता द्यायचे.

अशाच एका डॉक्टरने एक दिवस छोट्याचेच पाय तपासले. थोडं चाललं की पोटरीत गोळा यायचा, थांबलं की जायचा. छोट्याला वाटलं होतं, वय झालं. डॉक्टर म्हणाले, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत. रोज चाला, आणि सिगरेट बंद. बंद म्हणजे बंद. नाही झाली तर आधी बोटं जातील, मग पाऊल. बुटाच्या पुढच्या भागात बोळा का भरतात, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घरी परतताच तो खिशातलं सिगरेटीचं पाकीट समोरच्या शिंप्याला देऊन आला. शिंप्याने ते आनंदाने संपवलं.

याआधीही त्याने दोन-चारदा सिगरेट सोडली होती, पण ती इतकी गुपचूप की पुन्हा धरल्याचंही कोणाला कळायचं नाही. या वेळी मात्र सगळ्यांना कळलं. तो चहावर चिडला, मशीनच्या आवाजावर चिडला, एका बुटाच्या जोडीवर डावा आणि उजवा वेगवेगळे असल्याबद्दल चिडला. तोंड रिकामं राहू नये म्हणून दिवसभर ओठांत चुका धरून बसायचा.

"ऐकलंत का वन्सं," त्याची बायको अक्काला म्हणाली, "सकाळपासून तोंडात चुका आहेत, पण एकही कबूल करत नाहीत."

छोट्याला हसू आलं आणि त्याच्या ओठांतल्या चुका मांडीवर सांडल्या. अक्काला बरं वाटलं. हसतोय म्हणजे निभावेल.

पण सोल सुटायला लागले.

पहिला जोडा परत आला तेव्हा छोट्याने सोल्यूशनच्या डब्याला दोष दिला. दुसरा आला तेव्हा चामड्याला. मग एके दिवशी भर दुपारी पोस्टमन दारात उभा राहिला. त्याचा एक पाय आखूड होता, त्या पायाच्या बुटाला छोट्याने जाड, उंच सोल लावून दिला होता. आता तो सोल पोस्टमनच्या हातात होता आणि बूट सुतळीने पायाला बांधलेला.

"कारागीर, तुमच्या नावाने एक टपाल आलंय," तो म्हणाला आणि सोल टेबलावर ठेवला. "वजनी आहे. जपून घ्या."

छोट्याचा चेहरा उतरला. "कुठे सुटला?"

"जिन्यात. तिसऱ्या मजल्यावरून सोल आधी खाली आला, मी मागून आलो. मला काही लागलं नाही म्हणा, पण खालच्या बाईंना वाटलं मी बूट फेकून मारला." पोस्टमन स्टुलावर बसला. "तुमची सिगरेट सुटली म्हणे. सिगरेट सुटली आणि सोलही सुटले. गल्लीत लोक म्हणतात, हे एकाच सोल्यूशनने चिकटलेलं होतं."

"सुटली कसली," छोट्या पुटपुटला. "सुटणारी नाही ती."

अक्का चुकांचा डबा बंद करत होती. "सुटायला ती काय सोल आहे? आपोआप सुटतो तो सोल. सिगरेट सोडायची असते. कर्ता तू आहेस त्या वाक्यात."

"बाई, अजून व्याकरण?" पोस्टमन म्हणाला. तो तिचा विद्यार्थी होता. "तुम्ही तर विज्ञान शिकवायचात."

"भाषेच्या बाई रजेवर असल्या की तेही मीच शिकवायचे."

तो हसला, पण छोट्या हसला नाही. पोस्टमनला जुन्या बुटांवर रवाना केल्यावर तो उठला, समोर शिंप्याकडे गेला आणि हातात एक सिगरेट घेऊन परत आला. पेटवलेली नव्हती.

"तुमच्यासमोर सांगतो," तो म्हणाला. "चोरून नाही. मी ओढणार आहे. कामापुरती. सोल लावायचा असेल तेव्हाच."

"कामापुरती!" त्याची बायको मशीन थांबवून म्हणाली. "आणि पाय? तो काय सुट्टीपुरता?"

"अगं, आज जिन्यात माणूस पडला असता! उद्या कोणी खरंच पडेल. लंगड्या माणसाला मी बूट देतो ते त्याने पडू नये म्हणून ना? मग माझ्या पायाचं राहू दे बाजूला." त्याने बोटांत सिगरेट फिरवली. "ती ओढत होतो तेव्हा एकही सोल परत आला नाही. एक! तिच्याशिवाय मला वेळ कळत नाही. मी काय करू?"

अक्काने इतकी वर्षं त्याला खूप काही ऐकवलं होतं. पण आत्ता भाऊ सबब सांगत नव्हता. तो जे बोलत होता ते त्याला खरंच वाटत होतं, आणि सबबीपेक्षा ते फार अवघड होतं.

"एवढंच ना?" ती शेवटी म्हणाली. "वेळच मोजायचा ना? मग घड्याळ लावू. ती खिशात राहू दे तोवर."

तिने वरून स्वयंपाकघरातलं गजराचं छोटं घड्याळ आणलं. एक सिगरेट साधारण किती वेळ पुरते ते छोट्याच्या बायकोला तोंडपाठ होतं, कारण तेवढ्या वेळात तिची एक शिवण व्हायची. तेवढा गजर लावला. सोल्यूशन, फळी, गजर, दाब. काही दिवस सगळं सुरळीत चाललं आणि अक्का मनातल्या मनात जिंकली. मग आभाळ भरून आलं, हवा ओली झाली, आणि त्या दिवशी चिकटवलेला सोल छोट्याने नुसता बोटांनी ओढला तर हातात आला.

"बघ," तो म्हणाला. त्यात जिंकल्याचा आनंद अजिबात नव्हता. त्याने खिशातली सिगरेट काढली. ती आता जरा वाकली होती.

"थांब."

"अक्का, तू कधी ओढली नाहीस. तुला नाही कळायचं."

"मला कळत नाही म्हणूनच विचारते. एकाच प्रश्नाचं उत्तर दे, मग काय हवं ते कर. ओल्या हवेत सोल्यूशन सुकायला जास्त वेळ लागतो?"

"लागतो."

"आणि ओल्या हवेत सिगरेट जास्त वेळ पुरते?"

छोट्याने हातातल्या सिगरेटीकडे पाहिलं.

"तेवढीच पुरते," त्याच्या बायकोने सांगितलं. "पण वन्सं, पावसाळी दिवसात हे दोन ओढायचे. आत येऊन सांगायचे, आज दोन लागणार."

"आणि उन्हाळ्यात?"

"अर्धी टाकून यायचे. मी म्हणायचे, एवढी महागाची वस्तू टाकता कशी!"

"कोण सांगायचं तुला, आज दोन आणि आज अर्धी?" अक्काने भावाला विचारलं.

"कोण सांगणार? कळायचं."

"कशावरून?"

"काय उलटतपासणी आहे ही! कळायचं, बस. तिथे उभं राहिलं की कळायचं."

अक्का उठली. त्या पायरीवर ती कधी थांबली नव्हती. धुराचा वास डोक्यात जायचा म्हणून नाक दाबून भरभर ये-जा करायची. आता ती उंबऱ्याबाहेर गेली आणि छोट्या जिथे उभा राहायचा तिथे, दाराच्या चौकटीला खांदा टेकून उभी राहिली. चौकटीचा रंग तेवढ्या जागी पार उडाला होता.

"एक सोल लाव," ती म्हणाली. "आणि नेहमीच्या जागी ठेव."

त्याने सोल्यूशन फासलं, सोल फळीवर ठेवला. अक्का बघत राहिली. दुकानात इतर कुठूनही तो सोल नुसता काळा दिसला असता. पायरीवरून मात्र दारातला उजेड त्यावर तिरका पडून थेट डोळ्यांत येत होता, आणि ओल्या सोल्यूशनची चमक आरशासारखी दिसत होती. अक्का जागची हलली नाही. हळूहळू ती चमक कडेकडून विझायला लागली, मग मधे एक टिकली राहिली, मग तीही गेली.

"ही फळी इथे कोणी लावली?"

"मीच. वारा लागावा म्हणून."

"वारा खिडकीत जास्त आहे. इकडे ये." तिने त्याला हाताला धरून आपल्या जागी उभं केलं. "आता दुसरा लाव म्हणावं बायकोला, आणि इथून बघ. काय दिसतं?"

त्याच्या बायकोने दुसऱ्या सोलला सोल्यूशन लावलं. छोट्या बघत होता. त्याचा हात सवयीने ओठांकडे गेला आणि रिकामाच खाली आला. फळीवरची चमक कडेकडून आटत गेली. मग तो एकाएकी चौकटीपासून सुटा झाला, आत गेला, बोटाचं पेर उलटं करून सोलला हलकेच टेकवलं आणि म्हणाला, "झालं."

"कशावरून?"

"चमक गेली." तो स्वतःच आपल्या उत्तराकडे बघत राहिल्यासारखा थांबला. "चमक गेली की मी टाकायचो ती. तिकडे चमक गेली की इकडे सिगरेट टाकायचो."

"म्हणजे कोण कोणावर चालायचं?"

छोट्याने फळीकडे पाहिलं, मग पायरीकडे.

"अरे, तुला वाटतं तू तिच्या तालावर काम करायचास. ती तुझ्या तालावर जळायची, गाढवा. अर्धी टाकायचास, दुसरी पेटवायचास, ते सोलकडे बघून. तुझे डोळे काम करत होते आणि श्रेय ती घेऊन जात होती. सोडल्यावर तू बाहेर उभा राहायचा बंद झालास, एवढंच बिघडलं. आत बसून सोलची चमक दिसतच नाही."

"मी बाहेर जात नव्हतो," तो सावकाश म्हणाला, "कारण बाहेर गेलो की ओढावीशी वाटते."

"ते आहेच."

"ते आहेच, म्हणजे? त्याचं काय करू?"

अक्काला खोटं बोलता येत नव्हतं. "त्याचं औषध माझ्याकडे नाही. तिथे उभा राहशील तेव्हा ती आठवणारच. पण कामाला ती लागत नाही, हे मी तुला सिद्ध करून देऊ शकते. पुढचं तुला करायचंय."

सिद्ध करणं हा तिचा प्रांत होता. वरच्या कपाटातून तिने ओढ मोजायचा शाळेतला जुना ताणकाटा काढला, निवृत्तीच्या वेळी मुलांनी भेट दिलेला. चामड्याचे तुकडे कापून घेतले. काही तुकडे छोट्याने गजर लावून चिकटवले, काही पायरीवरून बघून. कुठले कसे, ते फक्त त्याच्या बायकोला माहीत. दुसऱ्या दिवशी जोड नीट बसल्यावर अक्काने एकेक तुकडा खिळ्याला अडकवून ताणकाट्याने ओढला. काही सरळ उकलले. काही टिकले, आणि एक तर मुळीच उकलेना. काट्याचा दर्शक तळाशी जाऊन टेकला. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा जोडाच्या शेजारी चामडंच फाटलं आणि ती मागे स्टुलावर आपटली.

"लागलं का?" छोट्या धावला.

"चामडं फाटलं," अक्का म्हणाली. ती हसत होती. "जोड नाही सुटला, चामडं फाटलं! हा कुठला?"

"पायरीवरचा," त्याची बायको म्हणाली. मग एकेक तुकडा बघत गेली. "जे टिकले ते सगळे पायरीवरचे, वन्सं."

छोट्याने तो फाटलेला तुकडा हातात घेतला, उलटसुलट पाहिला. मग खिशातून ती वाकडी सिगरेट काढून टेबलावर ठेवली आणि बायकोला म्हणाला, "ही शिंप्याला देऊन ये. म्हणावं, उधारी फिटली."

पोस्टमनचे बूट त्याने नव्याने केले. दिवस पुन्हा ओलसर होता. सोल्यूशन लावून, सोल फळीवर ठेवून तो पायरीवर गेला, आणि या वेळी अक्काही त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्याची बोटं शर्टाच्या खिशावर वाजत होती. कपाळावर घाम होता. समोरून शिंप्याने पाकीट उंचावून दाखवलं, तसा तो रोजच दाखवायचा, सवयीने.

"घेता का? एकाने काय होतंय?"

"एकानेच होतं सगळं," छोट्या म्हणाला. "तू ओढ, पण तिकडे तोंड करून. माझा सोल दिसत नाही तुझ्या धुरात."

"आता आवाज चढला का राव!"

"चढणारच. जिने चढणाऱ्या पायांचे बूट आहेत माझ्याकडे."

शिंपी हसत वळला. छोट्या खालच्या आवाजात अक्काला म्हणाला, "आत्ता इतकी हवीय ना, की तुला सांगता येत नाही."

"सांग की."

"छातीत कोणी दोरी बांधून ओढतंय असं वाटतं."

"किती जोरात?"

"तुझ्या ताणकाट्यावर मावणार नाही." तो दीर्घ श्वास घेऊन थांबला. "पण पहिल्यापेक्षा कमी वेळ ओढते. येते, ओढते, जाते. आणि पोटरीतला गोळाही हल्ली उशिरा येतो. काल नदीपर्यंत जाऊन आलो. मधे दोनदा थांबावं लागलं."

अक्काला हे माहीत नव्हतं. "एकटाच?"

"मग काय बँड घेऊन जाऊ?"

तो बोलत होता, पण डोळे फळीवरून हलले नव्हते. मधेच वाक्य अर्धं टाकून तो आत गेला. पेर टेकवलं, सोल उचलला, साच्यावर चढवलेल्या बुटावर नेमका बसवला आणि हातोडीने टाचेपासून पुढे ठोकत गेला. त्या ठोक्यांत घाईही नव्हती आणि शंकाही.

पोस्टमन बूट घालून निघून गेला तो थेट कामाला. काही दिवसांनी गल्लीतून जाताना त्याने न थांबता, नुसता तो पाय उचलून दाखवला आणि पुढे गेला.

त्याच दुपारी एक बाई लहान मुलीला कडेवर घेऊन आली. मुलीचा एक पाय आतल्या बाजूला वळलेला होता. दारात पायरीवर अक्का एकटीच उभी होती. छोट्या आत्ताच आत गेला होता.

"डॉक्टरांनी इथला पत्ता दिलाय," बाई बिचकत म्हणाली. "कारागीर आहेत का? म्हणजे... जमेल ना त्यांना? दोन ठिकाणी नाही म्हणाले."

अक्काने आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या उत्तरांखाली 'ठीक' एवढंच लिहिलं होतं. फारच चांगलं असलं तर 'बरोबर'. भावाला तर तेही कधी म्हटलं नव्हतं.

"या, बसा," ती म्हणाली. "आत काम करतोय तो माझा धाकटा भाऊ. या कामात त्याचा हात धरणारं दुसरं कोणी नाही. आणि गेल्या काही महिन्यांत त्याने जे केलंय ना, ते तर मलाही जमलं नसतं."

बाईला त्यातलं शेवटचं वाक्य कळलं नाही, पण तिने मुलीला खाली उतरवलं. आत हातोडीचा आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा जरा जोरात.